डाव्या हातावरचे ठिपके

नदीकाठची ती पाणचक्की आता राहिलेली नाही. छप्पर कधीच बसलं, पाटात झुडपं माजली आणि खालचा दगड कुणीतरी उचलून नेऊन आपल्या दाराशी पायरी म्हणून घातला. त्या पायरीवर चिखलाचे बूट घासणाऱ्यांना पत्ताही नाही, की या दगडानं एके काळी आसपासच्या सगळ्या वस्त्यांची पोटं भरली होती. दगडाला बोलता येत नाही हे एका अर्थी बरंच. नाहीतर त्यानं कुणाकुणाच्या काय काय गोष्टी सांगितल्या असत्या!

धाकटीला मात्र तो दगड तळहातासारखा पाठ आहे. सत्तरी उलटली, दात गेले, तरी ती धाकटीच. थोरली होती म्हणून ही धाकटी. थोरली जाऊन वर्षं झाली, तरी हिचं नाव काही मोठं झालं नाही.

धाकटीचे वडील, आबा, टाकीवाले. दळून दळून चक्कीचा दगड गुळगुळीत झाला की दाणा फुटत नाही, नुसता रगडला जातो. पीठ गरम येतं आणि करपट वास मारतं. मग दगडाला पुन्हा टाकी लावावी लागते. पोलादी टाकी डाव्या हातात धरायची, उजव्या हातानं तिच्यावर हातोडी मारायची आणि दगडाचं तोंड टोचून टोचून पुन्हा खरबरीत करायचं. मारता मारता टाकीच्या टोकाचा एखादा तापलेला कण उडतो. तो डाव्या हाताच्या पाठीत शिरतो आणि तिथेच घर करतो. जखम भरून येते, कण आत राहतो आणि वरून निळा-काळा ठिपका दिसतो, तो जन्मभर. आबांच्या डाव्या हातावर तर कुणी मोहरी सांडल्यासारखं दिसायचं.

चक्कीचा मालक पिठानं सदा पांढरा. पापण्यासुद्धा पांढऱ्या. म्हणून सगळे त्याला पांढरे मालकच म्हणत. बापानं त्याला एकच शिकवण दिली होती : टाकीवाल्याचं तोंड बघू नकोस, हात बघ. जुने ठिपके असतील तर कसबी. काम संपल्यावर ताजे ठिपके दिसले तर मन लावून काम केलं. ताजे नसले तर समजावं, गडी सावलीत झोपला होता. त्यामुळे दर हंगामाला दगड बसवून झाला, की पहिली पायली दळायची, पीठ चिमटीत घ्यायचं आणि मग म्हणायचं, "टाकीवाले, हात दाखवा." आबा ऐटीत हात पुढे करायचे, जसं काही अंगठ्याच दाखवताहेत.

आबांना मुलगा नव्हता. थोरली आठ-दहा वर्षांची झाली तेव्हापासून त्यांच्या शेजारी बसून घरी येणाऱ्या जात्यांना टाकी लावू लागली. हात चपळ, नजर बारीक. आबांना कोण कौतुक! मग ती मोठी झाली आणि तिला बघायला पहिलं स्थळ आलं. मुलाची मावशी भारी ठसकेबाज. तिनं थोरलीचा डावा हात ओढून घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाली, "पोरीला हात धुवायची सवय नाही वाटतं?"

"ते कामाचे ठिपके आहेत," आई म्हणाली.

मावशीचा विश्वास बसला नाही. तिनं पाणी मागितलं. ते प्यायला असेल असं वाटून आईनं भांडं भरून दिलं. मावशीनं त्यात फडकं बुडवलं आणि सगळ्यांच्या देखत थोरलीचा हात घासायला लागली. घास घास घासला. कातडी लाल झाली, ठिपके तसेच. थोरली मान खाली घालून बसली होती. धाकटी दाराआडून बघत होती. बाईनं शेवटी फडकं भांड्यात टाकलं आणि म्हणाली, "नाही जायचं हे." मंडळी उठून गेली.

थोरलीचं लग्न पुढे झालं, पण लांबच्या एका बिजवराशी. निघताना ती रडली नाही. धाकटीचे हात आपल्या हातात घेऊन तिनं एवढंच म्हटलं, "झाकून ठेव गं."

आबांच्या काळजात ते फडकं रुतून बसलं होतं. त्यानंतर धाकटी टाकी शिकली, कारण घरात दुसरं होतं कोण? पण तिच्या डाव्या हाताला आबा स्वतः चिंध्या गुंडाळत. मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत, थरावर थर. कामाला बसण्याआधी त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं : "धाकटे, हात झाक." आई कधी म्हणायची, "अहो, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात." आबा फिसकन हसत. "ते दगडाला येतं. टाकी धरणाऱ्याला नुसते घाव."

असं करत धाकटी लग्नाची झाली. हात कसे, लोण्यासारखे. त्या वर्षी कापडवाल्यांचं स्थळ चालून आलं. मोठं दुकान, रेशमाचा व्यापार. त्यांची एकच अट होती : सुनेचा हात मऊ हवा, रेशमावरून फिरवला तर धागा अडकता कामा नये. सुगी झाली की बघायला येतो म्हणाले. आईनं तर मनातल्या मनात मांडवसुद्धा घातला.

आणि त्याच वर्षी आबांच्या उजव्या हातानं दगा दिला.

थंडीत बोटं आखडली ती सुटेनातच. सकाळी मूठ उघडायची नाही, दुपारी मिटायची नाही. आबांनी लेप लावले, शेक घेतले, शिव्या दिल्या. एक दिवस अंगणात सराव म्हणून हातोडी उचलली, तर ती निसटून कोंबड्यांच्या खुराड्यावर आदळली. कोंबडी आठवडाभर अंड्यावर बसली नाही. आईला हसू आवरेना. आबाही हसले, पण हसता हसता घरात निघून गेले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

एवढ्यात मालकाचा निरोप आला. धान्य खळ्यातून उठत होतं. पाट दुरुस्त झाला होता. पाणी सोडायच्या आत दोन्ही दगड तयार हवेत. जमत नसेल तर सांगा, नदीपलीकडचा टाकीवाला विचारत होता.

"चक्की एकदा हातची गेली की गेली," आई म्हणाली. वर्षाचं दाणापाणी त्या चक्कीतून यायचं. दुसरं काही नव्हतंच.

"मी लावते टाकी," धाकटी म्हणाली.

"मालक बाईमाणसाला दगडाजवळ उभं करणार नाही."

"त्याला सांगतंय कोण? मी गेरू-पाणी द्यायला आले म्हणू. दार लावून घेऊ. तुम्ही आत बसा नुसते."

आबा तिच्या डाव्या हाताकडे बघत म्हणाले, "चिंध्या दुप्पट गुंडाळायच्या."

सकाळी दोघं चक्कीवर गेली. मालकानं आणि त्याच्या गड्यानं पहारी लावून वरचा दगड उचलला, उलटा करून ओंडक्यांवर ठेवला. आबा जोर लावल्याचं सोंग करत मधेमधे "हं, हं, सांभाळून" म्हणत राहिले. मालक बाहेर पडल्यावर आबांनी दार लोटलं. "कुणी बघत असलं की माझा हात चालत नाही," असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. कसबी माणसाचे असले नखरे लोक खपवून घेतात.

धाकटी दगडाशी बसली. लाकडी पट्टीला गेरू फासला, पट्टी दगडावरून फिरवली. उंच जागा लाल झाल्या. तिथे टाकी मारायची. ठक ठक ठक. दगडाची पूड नाकातोंडात जाऊ लागली. आबा दाराशी बसून पहारा देत होते आणि आपणच काम करतोय हे बाहेर कळावं म्हणून अधूनमधून ओरडत होते : "ए धाकटे, गेरू आण! लवकर!" गेरू धाकटीच्या मांडीशीच होता. तिला हसू येई, टाकी घसरे. मग आबा खालच्या आवाजात खरोखरीचं रागवत, "नीट बस. टाकी आडवी होतेय."

दुपारी मालक दाराबाहेर थांबला. "टाकीवाले, यंदा आवाज हलका येतोय."

"वय झालं मालक," आबा आतून म्हणाले. "आणि दगडाला बडवून काढायला त्यानं आपलं काय घोडं मारलंय?"

मालक हसत निघून गेला. आबांनी कपाळाचा घाम पुसला. घाम धाकटीला यायला हवा होता, येत होता आबांना. आपल्याच चक्कीत, आपल्याच कामाशी ते चोरासारखे बसले होते आणि त्यांना ते जाणवत होतं. त्यांची आखडलेली बोटं मांडीवर ठक ठक असा ताल धरत. धाकटीचा घाव चुकला की बोटं थांबत.

वरचा दगड चांगला झाला. खालच्यानं मात्र धाकटीची परीक्षा घेतली. त्याच्या मधल्या भोकाजवळ एक मऊ जागा होती. जोरात मारलं तर खड्डा पडे, हळू मारलं तर काहीच होत नसे. आबा म्हणत, "तिथे डोळ्यांनी बघून नाही चालत. टाकीतून बोटांना कळतं, दगड काय म्हणतोय ते." चिंध्यांच्या गाठोड्यातून बोटांना काय कळणार? धाकटीनं दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा तांदळाएवढी कपची उडाली. दगड फुटला तर चक्कीच गेली.

आबा तेव्हा बाहेर मालकाशी पाटाबद्दल काहीतरी बोलत उभे होते. धाकटीनं दातांनी गाठ सोडली. चिंध्या मांडीवर गळून पडल्या. उघड्या बोटांत टाकी धरली तेव्हा ती थंडगार लागली आणि पहिल्याच घावाला तिच्या लक्षात आलं, की इतकी वर्षं आपण पांघरुणातून काम करत होतो. दगड आता खरोखर सांगत होता : इथे हळू, इथे चालेल, इथे नको.

मग पहिला कण आला. मधमाशी चावावी तसा. हात मागे घ्यायच्या आत दुसरा. रक्ताचा बारीक थेंब उभा राहिला. धाकटीला भीती वाटली, कापडवाले आठवले, आईचा मांडव आठवला. आणि त्याच वेळी, का कोण जाणे, थोरली शेजारी येऊन बसल्यासारखं वाटलं. लहानपणी थोरलीला कण लागला की ती धाकटीपुढे हात धरायची आणि म्हणायची, "फुंकर मार." धाकटी गाल फुगवून फुंकर मारायची. आता तिनं स्वतःच्याच हातावर फुंकर मारली आणि पुन्हा टाकी उचलली. तिला खूप बरं वाटत होतं. इतकं बरं वाटल्याची तिला लाजही वाटत होती.

मऊ जागा साधली. धाकटीनं डावा हात ओढणीत गुंडाळला आणि पूड धुवायला मागच्या दारानं पाटाकडे गेली. तिथे आबा बसले होते, तिच्याकडे पाठ करून. जवळ गेल्यावर ती थबकली. आबांनी डाव्या हातात तुटकी टाकी धरली होती आणि तिच्या टोकानं ते आपला आखडलेला उजवा हात टोचत होते. दात ओठांत रुतलेले. हाताच्या पाठीवर रक्ताचे ठिपके उमटत होते. मालक हात बघणार, ताजे ठिपके हवेत, म्हणून हे.

"आबा!"

आबा दचकले. "काही नाही गं. म्हाताऱ्या कातडीला काय होतंय?" त्यांनी हात पाण्यात बुडवला. तिच्या ओढणीकडे बघितलं आणि उठून आत गेले.

दगड बसवले. मालकानं पाणी सोडलं. लाकडी चाक कुरकुरलं, अडखळलं आणि फिरू लागलं. वरचा दगड गरगरू लागला. पहिली पायली पडली. मालकानं पन्हळीखाली हात धरला, पीठ चिमटीत घेतलं, अंगठ्यानं चोळलं, गालाला लावलं. पुन्हा घेतलं. जिभेवर ठेवलं.

"गार आहे," तो म्हणाला. "आणि बारीक किती! टाकीवाले, तुमच्या उमेदीच्या काळातसुद्धा असं पीठ पडलं नव्हतं. दाखवा हात."

आबांनी हात पुढे केला.

मालक वाकला. पांढऱ्या पापण्या मिचकावत त्यानं बघितलं. मग सावकाश सरळ झाला. "हा उजवा आहे."

आबा हात मागे घेऊ लागले, पण मालकानं तो धरून ठेवला.

"टाकी डाव्या हातात धरतात. कण डाव्याला लागतात. तुमचा उजवा कसा फुटला?" त्यानं आबांचा डावा हात उलटा केला. त्यावर जुनी मोहरी तेवढी होती, ताजं एकही नव्हतं. मग त्यानं उजव्या हाताची बोटं सरळ करून बघितली. ती झाली नाहीत. "अहो, हा हात हातोडी धरतो तरी का?"

आयुष्यभर दुसऱ्याच्या टाकीतली खोट काढणारा माणूस स्वतःचा हात टोचताना कुठला टोचायचा तेच चुकला होता. पण चुकणार नाही तर काय करणार? टाकी धरू शकणारा एकच हात होता. तो दुसऱ्यालाच टोचणार. आबांची मान खाली गेली. थोरलीची गेली होती तशीच. मालकाचा गडी कुतूहलानं पुढे सरकला. दळणाला आलेलं कुणीतरी बाहेर फिदीफिदी हसलं.

"कुणाला आणलंत?" मालकाचा आवाज चढला. "माझ्या चक्कीत मला न सांगता कुणाला शिरवलंत? आणि एवढं चांगलं काम करणारा माणूस लपवता कशाला? मला नाव सांगा. दरसाल त्यालाच बोलावीन. असला हात मी आजवर बघितला नाही."

धाकटीनं ओढणीतला हात आणखी आत ओढला आणि आबांकडे बघितलं. आबांनी मान वर केली होती. 'असला हात बघितला नाही' हे शब्द त्यांच्या कानात शिरले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बदलत चाललं होतं. भीती होती, पण तिच्या खालून अभिमान वर येत होता आणि तो त्यांना दाबता येत नव्हता. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चिंध्यांचं गाठोडं काढलं. धाकटीनं दगडाशी टाकलेलं. ते त्यांनी कधी उचललं होतं कुणास ठाऊक.

"धाकटे," ते म्हणाले. आजवर त्यांनी तिला हजारदा हात झाकायला सांगितलं होतं. "धाकटे, दाखव."

धाकटीनं हात बाहेर काढला. सुजलेला, पुडीनं राखाडी झालेला. त्यावर ओले, लाल-काळे ठिपके. मालकानं वाकून एकेक ठिपका बघितला. पिठाच्या पन्हळीतून पीठ पडतच होतं, ते गोळा करायचंही कुणाला सुचलं नाही.

"भोकाजवळचे लागलेत हे," मालक अखेर म्हणाला. "मऊ जागेचे. तिथे हात उघडा ठेवावाच लागतो." मग गड्यावर खेकसला, "बघतोस काय? पीठ सांडतंय!" आणि जाता जाता, मागे न बघता म्हणाला, "पुढच्या सुगीला पाणी लवकर सोडणार आहे. वेळेवर या. दोघंही."

परतताना नदीच्या उताराशी दोघं पाय धुवायला थांबली. आबांनी तिचा डावा हात आपल्या डाव्या हातात घेऊन पाण्यात धरला. पूड वाहून गेली, रक्त वाहून गेलं. ठिपके राहिले. एक जुना हात आणि एक नवा. आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडानं ते म्हणत होते, "तुझी आई मला आज घरात घेत नाही बघ."

आईनं घरात घेतलं, पण भांडी इतक्या जोरात आपटली की कोंबड्या पुन्हा बिथरल्या. मग तेलाची वाटी घेऊन तीच धाकटीचा हात चोळत बसली. कापडवाले ठरल्याप्रमाणे आले, हात बघितले, "कळवतो" म्हणाले. त्यांचं कळवणं अजून यायचंय. पुढे दोन वर्षांनी बैलगाडी हाकणारा एक लाजाळू माणूस बघायला आला. त्यानं हात बघितलेच नाहीत. तो सारा वेळ जमिनीकडेच बघत होता. धाकटीनं तिथेच ठरवलं, हाच बरा. त्याच्याच गाडीत बसून ती पुढे कितीतरी चक्क्यांवर गेली. दगड उतरवायला तो, टाकी लावायला ही.

आबा गेले. लाजाळू गाडीवानही गेला. विजेची यंत्रं आली आणि टाकीवालीला कुणी बोलावेनासं झालं. आता धाकटी ओसरीवर उन्हात बसते. कातडी सैल झाली तसे ठिपकेही आपापल्या जागेवरून सरकलेत, पण ओळखू येतात. अंगठ्यामागचा मोठा, तो घाटातल्या चक्कीचा. त्या वेळी पोटात मुलगा होता. मनगटावरचे तीन, ते ओल्या दुष्काळाच्या वर्षातले, घरात खायला काही नव्हतं तेव्हाचे. मधल्या बोटामागचा बारीकसा पुंजका, तो मऊ जागेचा. त्याच्यावरून अंगठा फिरवला की अजून आबांचा आवाज ऐकू येतो. वाईट दिवस होते ते. परत आले तर नको म्हणेल ती. पण ते नव्हतेच असं कुणी म्हटलं, तर त्याच्याशी भांडेल.

परवा नात आली होती, मुलाची धाकटी. आजीच्या मांडीवर बसली आणि हात बघून तिनं नाक मुरडलं.

"आजी, किती मळलाय गं तुझा हात!"

उठली, घरात गेली, भांडंभर पाणी आणि फडकं घेऊन आली. मांडी घालून बसली आणि आजीचा डावा हात ओढून घेऊन घासायला लागली. जीभ बाहेर काढून, मन लावून. पाणी आजीच्या पदरावर सांडलं. सून आतून ओरडली, "अगं, आजीला त्रास देऊ नकोस!"

धाकटी भांड्यातल्या पाण्याकडे बघत राहिली. मग आधी हळू आणि नंतर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायला लागली.

"घासू दे तिला," ती म्हणाली. "घास गं माझी राणी, आणखी जोरात घास."

नातीनं घासलं. दमली. फडकं भांड्यात टाकलं आणि हात उचलून, अगदी जवळ धरून बघितला.

"नाही जायचं हे," ती म्हणाली.

"नाहीच जायचं," आजी म्हणाली आणि तिनं तो हात नातीपुढे धरला. "आता फुंकर मार."